विचारा बाईंना : बंडी मागं ओढते, तरी बैल पुढं जातातच कसे?

या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि बहुतेक सगळी बल, वेग, त्वरण याच विषयावरची. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की चालत्या वस्तूला त्याच वेगानं चालतं ठेवायला बल लागत नाही, बल लागतं ते वेग बदलायला. त्या एका वाक्यावर बऱ्याच जणांनी हरकत घेतलीय. हरकत घ्यावीच. बत्तीस मुलांच्या वर्गात एकही हात वर होत नसेल तर समजायचं की कुणाला काही कळलेलं नाही.

प्रश्न : बाई, माहा नातू नववीत हाय. तो म्हनते का बैल बंडीले जेवढ्या जोरानं वढते, तेवढ्याच जोरानं बंडी बैलाले मांगं वढते. न्यूटनचा तिसरा नियम हाय म्हने. दोन्हीकडचा जोर सारखा, त मंग बंडी चालते काहून? माही बंडी त रोज चालते. पुस्तक चुकलं का माहे बैल?
— एक कास्तकार, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, पुस्तकही बरोबर आणि तुमचे बैलही. नातवानं नियम नीट सांगितला, फक्त वजाबाकी चुकीच्या जागी केली. बैलांचा जोर लागतो बंडीवर. बंडीचा जोर लागतो बैलांवर. दोन्ही सारखे आहेत, उलट दिशेचे आहेत, पण एकाच वस्तूवर नाहीत. माझ्या खात्यातले हजार रुपये आणि तुमच्या नावावरची हजाराची उधारी एकमेकांत वजा करून कुणाचा हिशेब मिटत नाही, त्यातला प्रकार आहे.

म्हणून एका वेळी एकाच वस्तूकडं बघायचं. आधी बंडी घ्या, बैल विसरून जा. बंडीवर आडव्या दिशेनं दोनच बलं आहेत : जू तिला पुढं ओढतं आणि रस्ता चाकांना मागं धरतो. जुवाचं बल जास्त असेल तर बंडीचा वेग वाढेल. बस, एवढंच.

आकडे टाकून बघू. बंडी आणि कापूस मिळून १२०० किलो धरा. रबरी टायरची बंडी डांबरी रस्त्यावर असेल तर चाकांचा विरोध वजनाच्या शेकडा तीन, म्हणजे ३६ किलोइतका, न्यूटनमध्ये साधारण ३६०. (एक न्यूटन म्हणजे शंभर ग्रॅमचा बाट हातावर पेलायला लागतो तेवढा जोर. परीक्षेत असं लिहू नका, पण डोक्यात असंच ठेवा.) बैलांनी सुरुवातीला ६०० न्यूटनचा जोर लावला, तर उरलं २४० न्यूटन. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, तेव्हा २४० भागिले १२०० केलं की त्वरण आलं ०.२. म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदाला ०.२ मीटरनं वाढतो. पाच सेकंदांत सेकंदाला एक मीटर, ताशी साडेतीन किलोमीटरच्या वर थोडं. बैलांची नेहमीची चाल तीच. तिथं पोचल्यावर बैल आपोआप जोर कमी करतात, ३६० वर आणतात. आता पुढचं आणि मागचं बल सारखं, उरलेलं बल शून्य, त्वरण शून्य. बंडी थांबली का? नाही, एकसारख्या चालीनं चालत राहिली. तुम्ही कासरा सैल सोडून बिडी पेटवता ती याच वेळी.

आता बैल बघा. त्यांना बंडी मागं ओढते, मग ते पुढं जातात कुणाच्या जोरावर? जमिनीच्या. भरलेली बंडी उठवताना बैलाच्या मागच्या पायाकडं वाकून पाहा. खुराचं टोक मातीत रुततं, मागं दाब देतं, आणि खूर उचलला की त्या खळग्याच्या मागच्या कडेला दोन बोटं माती सरकून वर आलेली दिसते. बैलानं जमिनीला मागं ढकललं, जमिनीनं बैलाला पुढं ढकललं. तिसरा नियम इथंही आहे, आणि बंडी चालते ती या जोडीमुळं. नाल झिजलेला बैल आमच्या गल्लीतल्या सिमेंट रस्त्यावर घसरतो तेव्हा त्याची ताकद कमी झालेली नसते. जमीन त्याला पुरेसं परत ढकलत नसते.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पांदणीत, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या कच्च्या वाटेत, बंडी फसते, त्याचा हिशेबही याच कागदावर मांडता येतो. भिजलेल्या काळ्या मातीत चाक रुतलं की विरोध शेकडा तीनवरून शेकडा वीसवर सहज जातो. त्याच १२०० किलोला आता २४० किलोचा जोर पाहिजे. चांगली जोडी आपल्या दोघांच्या मिळून वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका जोर दिवसभर लावू शकते, म्हणजे ऐंशी-नव्वद किलो. क्षणभर हिसका देऊन त्याच्या कितीतरी पट लावतील, पण त्या हिसक्याला खुराखाली घट्ट जमीन पाहिजे, आणि तीच नाही. चाकाचा विरोध वाढला आणि खुराची पकड गेली, दोन्ही एकाच पावसात. अशा वेळी तुतारी (बैल हाकायची टोकदार काठी) टोचून काहीही होत नाही. चार पोती उतरवा, चाकापुढं पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, टाका.

शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, शौकीन पत्रं लिहितातच, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. पटातला छकडा इतका हलका का ठेवतात, याचं उत्तर वरच्याच भागाकारात आहे : बल तेच, खालचा आकडा लहान, त्वरण मोठं. अंतर थोडं आणि निकाल सेकंदाच्या अंशावर, त्यामुळं सुटण्याच्या पहिल्या काही पावलांत जी जोडी वेग पकडते तिचाच पट. २०१४ च्या बंदीनंतर मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं अशा शर्यतींना परवानगी देणारे राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरवले आणि तळेगाव दशासरसारख्या जुन्या पटांच्या गावी लोकांच्या जिवात जीव आला. मला बैल पळताना बघायला आवडतात. टोचणी लावून पळवलेले आवडत नाहीत, आणि कायद्यालाही ते चालत नाही.

प्रश्न : मॅडम, चेंडू सरळ वर फेकला तर सगळ्यात वर पोचल्यावर त्याचा वेग शून्य होतो. मग तिथं त्वरणही शून्य असेल ना? आमच्या वर्गात दोन गट पडलेत.
— नववीची विद्यार्थिनी, हिंगणघाट तालुका

उत्तर : बेटा, शून्यवाल्या गटाला सांग, तिथं त्वरण शून्य असतं तर चेंडू तिथंच लटकून राहिला असता. वेग शून्य, आणि तो बदलतही नाही, मग खाली कशाला येईल?

वेग आणि वेगातला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवेचा विरोध सोडला तर हातातून सुटल्यापासून परत हातात येईपर्यंत चेंडूवर एकच बल आहे, पृथ्वीचं, खाली. म्हणून त्वरणही सबंध वेळ तेच : दर सेकंदाला वेगात ९.८ मीटर प्रति सेकंदाचा बदल, खालच्या दिशेनं. सेकंदाला ९.८ मीटर वेगानं वर फेकलास तर एक सेकंदात वेग संपतो आणि चेंडू ४.९ मीटरवर असतो. पुढच्या सेकंदात तोच वेग उलट दिशेनं कमावून तो तुझ्या हातात. वर जाताना, माथ्यावर, खाली येताना, ९.८ मध्ये काही फरक नाही. दुसऱ्या गटाला माझ्यातर्फे शाबासकी.

प्रश्न : बाई, मागच्या अंकातलं तुमचं वाक्य पटलं नाही. ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर न्यूट्रल केला तर थोड्या अंतरात थांबतो. बल लागत नाही तर डिझेल जातं कुठं? दुसरं असं की राजूर घाट उतरताना मी न्यूट्रल करतो. तिथं पृथ्वीच ओढते, डिझेल वाचतं. हे तरी विज्ञानाला धरून आहे ना?
— एक ट्रॅक्टरचालक, मोताळा तालुका

उत्तर : दादा, पहिल्या प्रश्नासाठी तुमच्यावर रागावायचं कारण नाही. गती टिकवायला कुणीतरी सतत ढकलावं लागतं, असं माणसानं जवळजवळ दोन हजार वर्षं मानलं. इटलीत गॅलिलिओनं उतरत्या पाटीवरून गोळे सोडून पाहिले आणि विचार केला की समोर चढ असेल तर गोळा जवळपास सुटला त्याच उंचीपर्यंत चढतो, चढ जितका सौम्य तितका लांब जातो. मग समोर चढच नसेल, आणि घासणारं काही नसेल, तर तो थांबेल कशाला? पुढं १६८७ मध्ये न्यूटननं आपल्या ग्रंथात हाच पहिला नियम म्हणून मांडला.

तुमचा ट्रॅक्टर थांबतो तो बल नाही म्हणून थांबत नाही. बल आहे म्हणूनच थांबतो, फक्त ते मागच्या दिशेचं आहे. टायर दबतो-फुगतो, बेअरिंग घासतात, गिअरपेटीतलं तेल घुसळलं जातं, समोरची हवा बाजूला करावी लागते. डिझेल जातं या सगळ्याची भरपाई करण्यात. नांगरताना जास्त जातं, कारण फाळाला माती फोडायची असते.

विरोध कमी केला की काय होतं ते आपल्याकडच्या जुन्या माणसांनी पाहिलेलं आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर धावणारी शकुंतला, ७६२ मिलिमीटरची अरुंद लाइन, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन. मी माहेरी जायची तिनं. स्टेशन बरंच लांब असताना ड्रायव्हर वाफ बंद करी आणि गाडी नुसती वाहत जाई, कापसाचे डबे असोत की आम्ही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक असेल तर हजार किलोमागं विरोध दोन-तीन किलोचा. डांबरावर ट्रॅक्टरचा टायर असेल तर वीस किलोच्या आसपास, आणि वखरलेल्या रानात शंभराच्या वर. रूळ अजून गुळगुळीत, चाक अजून कडक करत जा आणि मनातल्या मनात विरोध शून्यावर न्या. मागच्या अंकातलं माझं वाक्य तिथं पोचतं.

आता घाट. इथं मात्र मी रागावणार आहे.

तुमचा ट्रॅक्टर २००० किलो, भरलेली ट्रॉली ५००० किलो धरू. विसाला एक असा उतार घ्या, म्हणजे वीस मीटर रस्त्याला एक मीटर खाली. उताराच्या दिशेनं पृथ्वीची ओढ सात हजार किलोच्या विसाव्या हिश्शाइतकी, ३५० किलो, म्हणजे सुमारे ३४०० न्यूटन. टायरांचा विरोध १४०० च्या आसपास. उरले दोन हजार न्यूटन. ७००० नं भागा, त्वरण ०.२९. आकडा क्षुल्लक वाटतो ना? ताशी १५ च्या वेगात न्यूट्रल केलं तर वीस सेकंदांत तुम्ही ताशी ३६ वर असता. गिअरमध्ये असता तर चाकांना इंजिन फिरवावं लागलं असतं आणि इंजिननंच गाडी धरून ठेवली असती. ते तुम्ही स्वतःच्या हातानं सोडवून टाकलं. आता सगळा भार ब्रेकवर.

आणि ब्रेक कुठं आहेत? ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, किंवा असले तरी जोडलेले नसतात. ब्रेकचं बल शेवटी टायर आणि रस्ता यांच्या पकडीतून येतं, आणि ती पकड त्या चाकांवर जेवढं वजन बसलंय त्यावर ठरते. मागच्या चाकांवर १५०० किलो असेल आणि रस्ता कोरडा असेल तर जास्तीत जास्त ८८०० न्यूटन धरा. नुसता ट्रॅक्टर असता तर ३६ च्या वेगातून या उतारावर तो साधारण १२ मीटरमध्ये थांबला असता. त्याच ब्रेकनं ट्रॉलीसकट थांबायला ५० मीटरहून जास्त लागतात. राजूर घाटात समोर ५० मीटर सरळ रस्ता किती ठिकाणी दिसतो, ते तुम्हीच मला सांगा. त्यात पाऊस झाला तर पकड आणखी कमी. त्यात वळणावर जोरात ब्रेक दाबला तर मागून पाच टन पुढं येतच राहतात, हूकला ट्रॅक्टर वाकडा होतो आणि ट्रॉली त्याला आडवा पाडते.

डिझेल वाचतं हेही खरं नाही. गिअर टाकून एक्सलेटर सोडला की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि गव्हर्नर, म्हणजे इंजिनला डिझेल कमी-जास्त सोडणारा भाग, डिझेल जवळजवळ तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र डिझेल द्यावंच लागतं. ज्या गिअरनं घाट चढता त्याच गिअरनं उतरा. क्लचवर पाय ठेवून उतरणं म्हणजेही न्यूट्रलच. आणि शेतातून रस्त्यावर येताना ब्रेकचे दोन्ही पेडल पट्टीनं एकत्र अडकवलेत का, ते खाली वाकून बघा. रानात तास घेताना आपण ते सुटे करतो आणि मग तसेच निघतो. वेगात एकच पेडल दाबलं गेलं तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर गर्रकन वळतो.

प्रश्न : बाई, आमची संत्र्याची बाग आहे. फेब्रुवारी-मार्चला गारपीट झाली की आंबिया बहार झडतो, गोठ्याच्या टिनाला खड्डे पडतात. पण एवढ्या उंचावरून पडणारी गार माणसाच्या डोक्यातून आरपार का जात नाही? आणि बागेवर जाळी टाकायची तर ताणून बांधावी की सैल?
— एक शेतकरी ताई, वरूड तालुका

उत्तर : ताई, हवा नसती तर खरोखरच गेली असती. दोन किलोमीटर उंचीवरून कुठल्याही अडथळ्याशिवाय पडलेली वस्तू जमिनीवर येईपर्यंत ताशी ७०० किलोमीटरच्या वर जाते. पण हवा नुसती जागा अडवून बसलेली नाही, ती विरोध करते, आणि वेग दुप्पट झाला की तो विरोध चौपट होतो. गार पडायला लागली की वेग वाढतो, वेगाबरोबर विरोध वाढतो, आणि एका वेगाला हवेचा वर लागणारा जोर गारेच्या वजनाइतका होतो. तिथून पुढं त्वरण शून्य. दारव्ह्याच्या भाऊंची बंडी ज्या हिशेबानं एकसारखी चालते, त्याच हिशेबानं गार एकसारखी पडते. दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब ताशी २३ किलोमीटरच्या आसपास येतो. लिंबाएवढी, चार सेंटिमीटरची गार साधारण ६० ते ६५ नं.

गार मोठी झाली की वेगही वाढतो, ही वाईट बातमी. व्यास दुप्पट झाला तर वजन आठपट होतं, पण हवेला अडवायला मिळणारं तोंड फक्त चौपट. त्यामुळं वेग सुमारे १.४ पट, आणि तिची मारक ऊर्जा तब्बल सोळापट. बोराएवढ्या गारेत फुलं गळतात आणि लिंबाएवढीत फांद्या सोलून निघतात, ते यामुळं.

जाळीचं उत्तर या आकड्यात आहे. लिंबाएवढी गार ३० ग्रॅमची, वेग सेकंदाला १८ मीटर. टिनावर ती एक सहस्रांश सेकंदात थांबते असं धरलं तर टिनावर सरासरी ५४० न्यूटनचं बल येतं, जणू ५५ किलोचं ओझं एका नाण्याएवढ्या जागेवर ठेवलं. तीच गार जाळीत वीतभर खाली दबत थांबली, तर तिला विसेक पट वेळ मिळतो आणि बल तीन किलोच्याही आत येतं. गारेचा वेग तोच, वजन तेच, थांबायचा वेळ वाढवला. म्हणून जाळी ढोलकीसारखी ताठ नको, वीतभर दबेल इतकी सैल हवी. पण झाडाच्या शेंड्यापासून तेवढं अंतरही पाहिजे, नाहीतर गार जाळीसकट शेंड्यावर आपटेल. आणि मध्ये झोळ पडू देऊ नका. ओळीच्या दोन्ही बाजूंना उतार द्या, म्हणजे गारा झाडांच्या मधल्या पट्ट्यात ओघळतील. मध्ये साचलेला बर्फ पोत्यांच्या हिशेबानं वजन घालतो आणि खांब उपटतो. खांबांना बाहेरून ताण द्यायला विसरू नका.

प्रश्न : परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाटात एसटी प्रत्येक वळणावर आपल्याला बाहेर फेकते. हे फेकणारं बल कुणाचं?
— एक रोजचा प्रवासी

उत्तर : कुणाचंच नाही. तुमचं अंग सरळ जायला बघतं आणि बस तुमच्याखालून वळते. उलट बसचा पत्रा नाहीतर शेजारचा माणूस तुम्हाला आत ढकलतो, म्हणून तुम्ही बसबरोबर वळता. वळणाची त्रिज्या २० मीटर आणि वेग ताशी २० असेल तर ६० किलोच्या माणसाला वळवायला नव्वदेक न्यूटन लागतात. वेग ४० केला तर चौपट, पावणेचारशेच्या आसपास. उभं राहावं लागलं तर वळणासाठी पाय बसच्या रुंदीच्या दिशेनं फाकवा, ब्रेकसाठी लांबीच्या दिशेनं. घाटात दोन्ही एकदम होतं, तेव्हा तिरके उभे राहा, दांडी आतल्या बाजूची धरा, आणि दाराच्या पायरीवर तर अजिबात उभे राहू नका, कंडक्टर ओळखीचा असला तरी.